हात लावू नये

खरं सांगायचं तर मी थंडाव्यासाठी गेलो होतो.
मे महिना, सेहेचाळीस अंश,
सक्करदऱ्याच्या चौकात बाबांचं कूलरचं दुकान.
लोकांच्या खिडक्यांत वाळा भरून देणारे आम्ही,
आमच्या घरी एक पंखा, तोही गरम वारा ढवळणारा.
दुरुगकर सरांच्या इन्स्टिट्यूटमध्ये एकच खोली एसीची होती
आणि ती माणसांसाठी नव्हती.
बाबांनी सरांच्या कूलरचा पंप फुकट बदलून दिला,
त्या बदल्यात दुपारी दोन ते चार
मी चपला बाहेर काढून आत.

"कशाला बोट लावू नको," सर म्हणाले.
लावलं.

हिरव्या आकड्यांत नऊचा पाढा उतरत गेला,
थांब म्हणायचं मी लिहिलंच नव्हतं,
म्हणून नऊ हजारांच्या पुढे, नऊ लाखांच्या पुढे,
आणि कुणी ओरडलं नाही.
चुकल्यावर ओरडत नाही असं काही
मी पहिल्यांदाच पाहत होतो.
फक्त ओळ सांगायचं ते. चाळीस. बघ पुन्हा.

बाकीचे बावीस तास वहीत.
आई बाबांना विचारायची,
"काय पुटपुटून राहिलं जी हे पोरगं?"
बाबा म्हणायचे, "मशीनशी बोलून राहिलं."
मशीन तर दोन किलोमीटर लांब, कुलपात.

मग कळमना. चांडक शेठची अडत.
लाल मिरचीच्या पोत्यांतून शिंकत वाट काढायची,
फ्लॉपी शर्टाच्या आत, पिशवीत, पिशवी रुमालात.
पट्टी छापून द्यायची: वजन, भाव, अडत, तोलाई, हमाली.
पंधराशे मिळाले. बाबांनी दोनदा मोजले,
दुसऱ्यांदा नुसतेच, हाताला बरं वाटावं म्हणून.

तिसऱ्या महिन्यात बिसन उईके आला,
पाठीवर पोतं असताना तोंडी हिशेब करणारा माणूस.
"भाऊ, शंभर पोत्यामागं
तुमची मशीन आठ आणे खाऊन राहिली."
सगळे हसले. मीही हसलो.
घरी जाऊन वही उघडली.
खात होती.
दर पोत्याचा अर्धा पैसा मी आधीच छाटत होतो,
बेरीज नंतर.
एक ओळ वर सरकवायची, एवढंच.
शेठ म्हणाला, राहू दे ना, कोणाला कळते.
बिसनला कळते, मी म्हणालो.
पुढचं काम शेठने इतवारीतल्या दुसऱ्या पोराला दिलं.

त्यानंतरचं काय सांगू.
एका गिऱ्हाइकाने पैशांऐवजी जुनी लुना दिली,
ती तीन वर्षं माझं ऑफिस होती.
बाबा गेले त्या आठवड्यात
एका दवाखान्याचं बिलिंग बंद पडलं होतं;
तेराव्याच्या मांडवामागे उभा राहून मी फोनवर
ओळ क्रमांक सांगत होतो.
याबद्दल मला अजून काही म्हणता येत नाही.

आता त्रिमूर्तीनगरात दोन मजले, एकतीस माणसं.
मी कोड लिहीत नाही.
मी कोटेशन लिहितो, बँकेला पत्रं लिहितो,
दिवाळीनंतर पुण्याला निघालेल्या पोरांना
अनुभवाचे दाखले लिहितो, चांगले लिहितो.
रात्री एक तारखेची बेरीज करतो
आणि ती चुकली तर कुणी ओळ सांगत नाही.
सगळ्या खोल्या थंड आहेत.
श्वेतल ढोबळे भर मेमध्ये शाल घेऊन बसते.

आज तिनेच हाक मारली.
"सर, हे काय आहे?
चार वेळा भाषा बदलली आपण,
हा शेरा प्रत्येक वेळी कुणीतरी जसाच्या तसा उतरवलाय."
तिच्या बोटाखाली:
आधी बेरीज. मग छाटा. हात लावू नये. — बिसन.

"बिसन कोण? आपल्याकडे होते का?"

"होते," म्हणालो. "टेस्टिंगला."

तिने मान डोलावली, खाली गेली ओळ-ओळ.
दोन वाजले होते. चारला मला बँकेत जायचं होतं.
तिच्या शेजारची खुर्ची रिकामी होती.
मी चपला काढल्या.